माम्बोचं जूमला झालं तेव्हाची गोष्ट

संगणकाच्या पुस्तकाइतकं लवकर म्हातारं होणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. कादंबरी पन्नास वर्षांनी वाचता येते. पाककृतींचं पुस्तक आजीकडून नातीकडे जातं, फार तर हळदीचे डाग वाढतात. पण मुखपृष्ठावर 'आवृत्ती 1.0' असं छापलेलं जाडजूड पुस्तक दोन वर्षांनी रद्दीवालासुद्धा नाक मुरडत घेतो. तरीही मंडळी, आज अशाच एका पुस्तकाबद्दल आणि ते ज्या सॉफ्टवेअरबद्दल होतं त्याबद्दल लिहायचं आहे. कारण त्या काळी जे घडलं, तो प्रश्न अजून मिटलेला नाही.

पुस्तक आहे हागेन ग्राफ या जर्मन लेखकाचं. विषय जूमला, म्हणजे वेबसाइट चालवायचं एक सीएमएस. याचं सरकारी मराठी 'आशय व्यवस्थापन प्रणाली' असं होईल, पण आपण सीएमएसच म्हणू. पुस्तक 2006 मध्ये पॅक्ट या प्रकाशनाने काढलं. पॅक्टच्या पुस्तकांत आतल्या पानावर खाली 'बर्मिंगहॅम - मुंबई' असं छापलेलं असे. लंडन-न्यूयॉर्क वाचायची सवय झालेल्या डोळ्यांना ते मुंबई फार सुखावून जायचं. मोठे प्रकाशक ज्या विषयांना हात लावत नसत, असे छोटे छोटे ओपन सोर्स विषय ही मंडळी निवडायची आणि विक्रीतला काही वाटा त्या त्या प्रकल्पालाही द्यायची. मी सीएमएस शिकलो ते या पुस्तकातून. रोज ऑफिसातून आल्यावर एक प्रकरण, शनिवारी दोन.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आता साइट म्हटलं की लोक थेट वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवर जाऊन उभे राहतात. 2000 च्या आसपास साइट करणं म्हणजे फ्रंटपेज किंवा ड्रीमवीव्हर उघडायचं, एकेक पान हाताने रचायचं आणि एफटीपीने सर्व्हरवर चढवायचं. चाळीस पानांची साइट असेल तर चाळीस फायली. फोन नंबर बदलला? चाळीस ठिकाणी बदला. मेनूत एक दुवा वाढला? पुन्हा चाळीस. आणि हे सगळं करणारा माणूस एकच. तो गावाला गेला की साइट झोपली.

सीएमएसने काय केलं? मजकूर उचलला आणि डेटाबेसमध्ये ठेवला. दिसणं वेगळं काढून टेम्प्लेटमध्ये ठेवलं. वाचणारा आला की पीएचपीने दोन्ही आयत्या वेळी एकत्र करून पान वाढायचं. कल्पना एवढीच, पण तिने साइटची मालकी बदलली. ज्याला एचटीएमएल येत नाही अशा माणसाच्या हातात लेखणी आली. पीएचपी-न्यूक, पोस्टन्यूक वगैरे नावं त्या काळच्या लोकांना आठवतील. सगळी फुकट, सगळी पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालणारी, आणि हे दोन्ही तर स्वस्तातल्या स्वस्त होस्टिंगवरही मिळायचं. छोट्या संस्थांपर्यंत ही लाट पोचली ती त्यामुळे.

याच लाटेत माम्बो आलं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मीरो नावाची कंपनी होती. तिने 2000 मध्ये स्वतःच्या कामासाठी माम्बो बनवायला घेतलं आणि 2001 मध्ये ते जीपीएल या परवान्याखाली सगळ्यांना खुलं केलं. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी ते वाढवलं. बघता बघता माम्बो एवढं लोकप्रिय झालं की 2005 मध्ये त्याला लिनक्सवर्ल्ड प्रदर्शनात पुरस्कार मिळाला. ग्राफसाहेबांचं माम्बोवरचं पुस्तकही पॅक्टनेच 2005 मध्ये काढलं. इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीचं.

गडबड झाली ऑगस्ट 2005 मध्ये. मीरोने माम्बो फाउंडेशन नावाची संस्था स्थापन केली. कागदावर चांगलीच गोष्ट. पण काम करणाऱ्या मूळ चमूचं म्हणणं असं, की संस्थेची रचना आम्हाला न विचारता ठरली आणि तिच्यात कंपनीचाच वरचष्मा आहे. रात्री जागून कोड लिहिणारे आम्ही, आणि प्रकल्पाचं पुढे काय करायचं हे ठरवणार दुसरेच. 17 ऑगस्टला त्यांनी जाहीर पत्र लिहिलं आणि जवळजवळ सगळा मूळ चमू बाहेर पडला. सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर या वकिलांच्या संस्थेचा सल्लाही त्यांनी आधी घेतला होता. म्हणजे भांडण रागाच्या भरातलं नव्हतं, कागद तपासून केलेलं होतं.

आणि इथे परवान्याची गंमत कळते. 'माम्बो' हे नाव त्यांना सोबत नेता येणार नव्हतं, ते कंपनीकडे राहणार होतं. पण कोड जीपीएलखाली होता, म्हणजे तो सगळ्यांचाच. घर सोडताना भांडीकुंडी, धान्य, अगदी चूलसुद्धा घेऊन जायची मुभा, फक्त दारावरची पाटी तेवढी तिथेच ठेवायची. त्यांनी तसंच केलं. ओपन सोर्स मॅटर्स नावाची संस्था काढली, नवं नाव शोधलं आणि सप्टेंबर 2005 च्या मध्यात, म्हणजे महिन्याभरात, जूमला 1.0 बाहेर आलं. आतून ते माम्बो 4.5.2 च होतं. पाटी बदललेली, काही चुका आणि सुरक्षेची भोकं बुजवलेली.

नावाबद्दल सांगायलाच हवं. 'जूमला' हे स्वाहिली 'जुमला' या शब्दाचं इंग्रजी कानांना सोयीचं केलेलं रूप. अर्थ 'सगळे मिळून'. स्वाहिलीत तो अरबीतून आला. आणि अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडेही आला! जुन्या मराठी कागदपत्रांत हिशेबाखाली 'जुमला' म्हणून बेरीज मांडलेली दिसते, मोल्सवर्थच्या कोशातही तो एकूण, बेरीज याच अर्थाने आहे. आता राजकारणाने या शब्दाची पार वाट लावली, तो भाग वेगळा. पण झांझिबारच्या बंदरात आणि पुण्याच्या दफ्तरात एकच शब्द बेरजेचं काम करत होता, आणि फुटून निघालेल्या प्रोग्रामर मंडळींनी नेमका तोच उचलला, ही मला फार आवडलेली गोष्ट आहे. वजाबाकी झाल्यावर बेरजेचं नाव.

आता बिचाऱ्या पुस्तकांचं काय? माम्बोच्या पुस्तकांतलं माम्बो एका महिन्यात दोन झालं. मजकूर बराचसा बरोबर, पण मुखपृष्ठावरच्या नावाचं काय होणार ते कोणालाच माहीत नाही. ग्राफसाहेबांनी बैठक मारून जूमलाचं पुस्तक लिहिलं, तेच मी शिकायला घेतलेलं.

पुस्तकातून शिकण्याची एक शिस्त असते. आधी आपल्याच मशीनवर झँप टाकायचं, म्हणजे अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी एका झटक्यात. मग जूमलाच्या फायली एचटीडॉक्स या फोल्डरात उलगडायच्या, ब्राउझर उघडायचा, चार पायऱ्या चढायच्या. शेवटी 'इन्स्टॉलेशन' फोल्डर स्वतःच्या हाताने पुसायचं. ते पुसल्याशिवाय साइट तोंड दाखवायची नाही. हा नियम मला तेव्हा जाचक वाटायचा. पण विचार करा, ते फोल्डर सर्व्हरवर तसंच राहिलं तर येणारा-जाणारा कोणीही साइट पुन्हा नव्याने बसवू शकेल. शिडी वापरून झाली की भिंतीला टेकवून ठेवू नये, एवढा साधा धडा होता तो.

पण खरा धडा पुढे होता, सेक्शन आणि कॅटेगरीचा. जूमला 1.0 मध्ये मजकुराला बरोबर दोन पातळ्यांची उतरंड होती. आधी सेक्शन, त्यात कॅटेगरी, आणि कॅटेगरीत लेख. लेख थेट सेक्शनमध्ये टाकता येत नसे आणि कॅटेगरीच्या पोटात कॅटेगरी करता येत नसे. समजा सार्वजनिक वाचनालयाची साइट करायची आहे. 'उपक्रम' हा सेक्शन, त्यात 'व्याख्यानमाला' आणि 'बालविभाग' या कॅटेगरी. ठीक. आता व्याख्यानमालेत वर्षवार कप्पे हवेत. संपलं! तिसरी पातळी नाही. म्हणजे प्रत्येक वर्षाची वेगळी कॅटेगरी करा, नाहीतर व्याख्यानमालेलाच सेक्शनची बढती द्या. संगणकाला हात लावण्याआधी कागदावर झाड काढल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. आपल्याकडे सांगण्यासारखं नेमकं काय आहे आणि त्याची प्रतवारी काय, हा प्रश्न कागदावर सुटला तर साइट दोन दिवसांत उभी राहायची. नाही सुटला तर कितीही देखणं टेम्प्लेट लावा, आत अडगळीची खोली.

मी कोड वाचायला लागलो तेव्हा आणखी मजा आली. जूमला नाव लागलं तरी घराच्या भिंतींत माम्बो जागोजाग होतं. जवळजवळ प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला 'व्हॅलिड मॉस' नावाचा स्थिरांक तपासणारी ओळ असायची. मॉस म्हणजे माम्बो ओपन सोर्स. टेम्प्लेटमध्ये मुख्य मजकूर आणायचं फंक्शन 'मॉसमेनबॉडी'. छोट्या जोडकामांना चक्क 'माम्बॉट' म्हणायचे. अगदी सासरी गेलेल्या मुलीच्या माहेरच्या भांड्यांवर जुनं नाव कोरलेलं असतं ना, तसंच. ती नावं बदलायला जानेवारी 2008 उजाडला, जूमला 1.5 आलं तेव्हा. माम्बॉटचे प्लगइन झाले, पहिल्या ओळीतला मॉस गेला, आतली सगळी मांडणी नव्याने झाली. आणि अर्थात 1.0 ची पुस्तकं एका दिवसात इतिहासजमा झाली. तेच ग्राफसाहेब, तेच प्रकाशन, 2008 मध्ये जूमला 1.5 वर नवं पुस्तक. (या माणसाच्या चिकाटीला सलाम केला पाहिजे.)

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. मराठी.

जूमला 1.0 च्या इंग्रजी भाषेच्या फायलीत एक ओळ होती, पानाचा कॅरेक्टर सेट ठरवणारी. तिथे लिहिलेलं असायचं आयएसओ-8859-1. हा पश्चिम युरोपसाठीचा संच, 256 घरांचा. इंग्रजी त्यात बसते, फ्रेंच बसते, जर्मनच्या दोन टिंबांची अक्षरंही बसतात. जर्मनीत बसलेल्या लेखकाला या ओळीची दखल घ्यायचं काही कारणच नव्हतं, त्याची भाषा आधीच घरात होती. आपली बाराखडी मात्र उंबऱ्याबाहेर.

पण फसवणूक अशी, की मराठी टाइप केलं तर ती दिसायची! कारण ब्राउझर हुशार. पानाच्या संचात न बसणारं अक्षर आलं की तो त्याच्या जागी अक्षराचा क्रमांक पाठवायचा. 'म' चा युनिकोड क्रमांक 2350. तेव्हा डेटाबेसमध्ये 'म' जायचाच नाही. जायचा एक अँपरसँड, एक हॅश, 2350 आणि एक अर्धविराम, अशी सात चिन्हं. दाखवताना ब्राउझर त्याचा पुन्हा 'म' करायचा, म्हणून वरून सगळं आलबेल. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी धरून पाच खुणा होतात, म्हणजे पस्तीस चिन्हं. शंभर चिन्हांच्या रकान्यात शीर्षक लिहायचं तर असे तीन शब्द धड मावत नाहीत. चौदा खुणा झाल्या की पंधरावी अर्ध्यात तुटायची. आणि साइटच्या शोधपेटीने या आकड्यांच्या गर्दीत 'मराठी' कुठे शोधायचं?

मग जाणकारांनी उपाय काढला, त्या ओळीत आयएसओच्या जागी यूटीएफ-8 लिहायचं. आता 'म' तीन बाइटांत, 'मराठी' पंधरा बाइटांत. पुष्कळच बरं. पण मायएसक्यूएलला हे कोणी सांगितलेलंच नसायचं. त्याच्या लेखी तक्ता अजून लॅटिनच, म्हणजे तो तीन बाइटांना तीन लॅटिन अक्षरं समजून ठेवून द्यायचा. जसे ठेवले तसेच परत मिळाले तर काहीच बिघडत नाही. बिघडायचं ते घर बदलताना. नवा सर्व्हर किंवा नवी आवृत्ती आली, कोणीतरी प्रामाणिकपणे 'लॅटिनचं यूटीएफ-8 करा' अशी आज्ञा दिली, की प्रत्येक 'म' च्या जागी टोपीवाला ए, पाठोपाठ चलनाची चिन्हं. मी 2008-09 मध्ये अशा दोन-तीन साइट दुरुस्त करून दिल्या आहेत. उपाय सोपा असतो: रकाना आधी बायनरी करायचा, म्हणजे डेटाबेस अर्थ लावायचं सोडून देतो, आणि मग यूटीएफ-8 करायचा. सोपा, पण जुनी प्रत शाबूत असेल तर. प्रत नसेल आणि त्या खिचडीवर आणखी एकदा रूपांतर झालेलं असेल, तर लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं परत आणणं फार अवघड.

हे मी शिकलेल्या पुस्तकात नव्हतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुस्तक लेखकाच्या गावचा रस्ता दाखवतं, आपल्या गावची वाट आपणच काढायची. जूमला 1.5 पासून सगळं यूटीएफ-8 झालं आणि ही कटकट संपली. पण तोपर्यंत ती वाट अनेकांनी आपापली शोधली. मराठीतल्या मोठ्या लिहित्या साइट बघा. मनोगत, उपक्रम, मिसळपाव आणि नंतर मायबोलीही ड्रुपलवर चालल्या. ड्रुपल बेल्जियमच्या द्रीस बायटार्टचं, तो अँटवर्पला विद्यार्थी असताना सुरू केलेलं, 2001 मध्ये खुलं झालेलं. त्याला डच भाषेतला 'दोर्प' म्हणजे 'खेडं' असा शब्द साइटच्या नावाला हवा होता, टाइप करताना झाला 'ड्रॉप', आणि थेंबासाठीच्या डच शब्दावरून पुढे ड्रुपल. मराठी मंडळींनी मात्र त्या थेंबातून पुन्हा गावंच वसवली. चावड्या, पार, भांडणं, सगळं धरून.

मग पुढे काय झालं? माम्बो 2008 नंतर हळूहळू विझलं. नाव कंपनीच्या बाजूला राहिलं, माणसं निघून गेली, आणि नुसत्या पाटीने घर चालत नाही. पॅक्टने 2006 मध्ये ओपन सोर्स सीएमएससाठी पुरस्कार सुरू केला, पहिल्या वर्षी तो जूमलाला मिळाला, 2007 आणि 2008 मध्ये ड्रुपलला, 2009 मध्ये वर्डप्रेसला. पुढच्या दशकाचं भविष्य या यादीतच वाचता येतं. वर्डप्रेस स्वतःही फुटूनच आलेलं, मिशेल वाल्द्रिगीच्या बी2 या अर्धवट सुटलेल्या कोडवर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी 2003 मध्ये उभं केलेलं. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात. जूमलाने 2011 मध्ये 1.6 काढून सेक्शन-कॅटेगरीची दोन पातळ्यांची भिंत पाडली आणि पोटात पोट करायची सोय दिली. आवृत्ती 4 बाहेर आली 17 ऑगस्ट 2021 ला, म्हणजे त्या जाहीर पत्राच्या बरोबर सोळाव्या वाढदिवशी.

आणि 2024 मध्ये जुनं नाटक नव्या नटांनी पुन्हा लावलं. सप्टेंबरात मुलेनवेगने डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर जाहीर तोफ डागली. मुद्दा काय, तर ही कंपनी वर्डप्रेसचं नाव वापरून पैसा करते आणि परत काही देत नाही. तिला वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या सर्व्हरवरून मिळणारे अपडेट तोडले गेले, ऑक्टोबरात तिने कोर्टात दावा लावला, तिचं एक लोकप्रिय प्लगइन नाव बदलून ताब्यात घेतलं गेलं, आणि डिसेंबरात कोर्टाने अंतरिम आदेश तिच्या बाजूने दिला. या वेळी कंपनी आणि स्वयंसेवक अशी सरळ विभागणी नव्हती, चूक-बरोबरही इतकं सरळ नाही. पण प्रश्न 2005 चाच: कोड सगळ्यांचा, मग नाव कोणाचं? आणि ज्या सर्व्हरवरून रोजचे अपडेट येतात, तो कोणाचा?

2005 मध्ये बाहेर पडणं तुलनेने सोपं होतं. कोड डाउनलोड केला, पाटी बदलली, महिन्यात दुकान सुरू. कारण तेव्हा साइट एकदा बसली की कोणावर अवलंबून नसायची. आता थीम, प्लगइन, सुरक्षेचे अपडेट असं सगळं एका मधल्या केंद्रातून येतं. परवान्याने दिलेलं स्वातंत्र्य कागदावर तेवढंच आहे, पण सामान उचलून निघायचं म्हटलं तर टेम्पो मोठा लागेल.

म्हणून तुमच्यापैकी कोणाकडे संस्थेची, शाळेची, मित्रमंडळाची साइट सोपवलेली असेल, तर या शनिवार-रविवारी तीन गोष्टी करून बघा. डेटाबेसची पूर्ण प्रत स्वतःच्या मशीनवर उतरवा. ती दुसरीकडे, अगदी झँपवरसुद्धा, पुन्हा उभी राहते का ते पाहा. आणि उभी राहिली की एखादं मराठी शीर्षक शोधपेटीत टाइप करून ते सापडतं का ते तपासा. तिन्ही जमलं तर पाटी कोणाचीही असो, घर तुमचं आहे.

ग्राफसाहेबांचं पुस्तक मी रद्दीत घातलेलं नाही. त्यातलं एकही बटण आता जागेवर नाही, पण कागदावर झाड काढायची सवय त्यानेच लावली. ती अजून चालते.